न दिलेला शब्द

बेंगळुरूच्या पूर्व भागात, जुन्या मद्रास रस्त्यालगत, के. आर. पुरमच्या जवळच दूरवाणीनगर नावाची वसाहत आहे. कन्नड भाषेत 'दूरवाणी' म्हणजे टेलिफोन. १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्यावरून वसाहतीला हे नाव मिळाले. स्वातंत्र्योत्तर काळात देशभरच्या कचेऱ्यांत, टपालघरांत आणि मोजक्या घरांत जी काळी, तबकडीची यंत्रे दिसत, त्यांतील फार मोठा वाटा या कारखान्याचा होता. ते यंत्र घराच्या बैठकीत असे आणि त्यावर उच्चारलेला प्रत्येक शब्द घरातील वडीलधाऱ्यांच्या कानांवरून जाई. आज त्याच परिसरात राहणाऱ्या हजारो तरुण स्त्रीपुरुषांच्या हाती असे यंत्र आहे, की ज्यावरील संभाषण शेजारच्या खाटेवरील सोबत्यासही कळत नाही. या यंत्रावरील डेटिंग ॲप्सच्या द्वारे अनोळखी व्यक्तीशी ओळख करून घ्यावयाची, तिला भेटावयाचे आणि विवाहाचे वा दीर्घ सहवासाचे कोणतेही वचन न देता काही काळ जवळीक साधावयाची, हा व्यवहार आता महानगरांत नवलाचा राहिलेला नाही. तो कोण करतो आणि का करतो, हा प्रश्न मात्र पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही.

या विषयावर आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा दोन ठरीव भूमिकांवरून. एका पक्षाच्या मते हे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण असून कुटुंबसंस्थेच्या ऱ्हासाचे ते लक्षण आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते हे व्यक्तिस्वातंत्र्याचे पुढचे पाऊल आहे आणि त्याविषयी शंका घेणारा प्रतिगामी होय. दोन्ही पक्षांना उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे हा व्यवहार कोणत्या भाषेत चालतो, हे पाहण्याची गरज त्यांपैकी कोणासच वाटत नाही. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाचे काम येथून सुरू होते. ज्या संबंधांना आपल्या भाषांनी शतकानुशतके व्यंजनेच्या आश्रयाने सांभाळले, त्यांना आजच्या परिस्थितीत अभिधेची, म्हणजे सरळ वाच्यार्थाने बोलणाऱ्या शब्दाची गरज निर्माण झाली आहे. आणि तो शब्द मातृभाषेत नाही. या अभावाची किंमत कोण मोजतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम वापरणाऱ्यांविषयी. समलिंगी पुरुषांसाठीचे ग्राइंडर २००९ साली, टिंडर २०१२ साली सुरू झाले. बंबलने २०१८ च्या अखेरीस भारतात पाऊल ठेवले. तेव्हापासून मानसशास्त्र व समाजशास्त्र या दोन्ही शास्त्रांनी या विषयाचा बराच पाठपुरावा केला आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तेथील ३० टक्के प्रौढांनी आणि तिशीच्या आतील ५३ टक्के व्यक्तींनी अशा साधनाचा केव्हा ना केव्हा उपयोग केलेला होता. नजीकच्या काळात उपयोग करणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनी दीर्घकालीन जोडीदाराचा शोध, ४० टक्क्यांनी अनौपचारिक भेटीगाठी, तर २४ टक्क्यांनी केवळ शरीरसंबंध हे आपले प्रमुख कारण म्हणून सांगितले. हे शेवटचे कारण सांगणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण ३१ टक्के आणि स्त्रियांचे १३ टक्के होते. नेदरलँड्समधील तरुणांविषयी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रेम, अनौपचारिक शरीरसंबंध, संवादाची सुलभता, स्वमूल्याची पावती, थरार आणि प्रचलित रीत असे सहा हेतू आढळले, आणि त्यांत प्रेमाचा हेतू शरीरसंबंधाच्या हेतूपेक्षा अधिक प्रबळ ठरला. बांधिलकीशिवायच्या संबंधांकडे ज्याचा मूळचाच कल आहे तो या साधनाकडे त्या हेतूने वळतो, असेही मानसशास्त्रज्ञ सांगतात. १९९१ साली सिम्पसन व गँगेस्टॅड यांनी हा कल मोजण्याची एक पद्धत मांडली होती.

हे सर्व खरे मानले तरी त्यातून व्यक्तीचा स्वभाव तेवढा कळतो. तिची परिस्थिती कळत नाही. एकच स्वभाव घेऊन दोन माणसे जन्मली, एक ॲमस्टरडॅममध्ये आणि दुसरा नांदेडमध्ये, तर त्या स्वभावाला मिळणारे शब्द, खोल्या आणि भये वेगवेगळी असतात. शिवाय वरील उत्तरांत एक बाब सहज नजरेतून सुटते. प्रेम, मैत्री, कुतूहल आणि शरीरसुख हे हेतू एकाच माणसाच्या ठायी एकाच वेळी नांदतात. आपणांस नेमके काय हवे आहे, हे पुष्कळदा वापरणाऱ्यालाच ठाऊक नसते, आणि ते ठाऊक करून घेण्यासाठीच तो समोरच्याशी बोलू लागतो. म्हणूनच ते बोलणे महत्त्वाचे.

के. आर. पुरमची परिस्थिती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चेन्नई व केरळकडे जाणारे लोहमार्ग, जुना मद्रास रस्ता आणि बाहेरचा वर्तुळाकार रस्ता येथे एकत्र येतात. पूर्वेस व्हाइटफील्ड आणि दक्षिणेस महादेवपुरा व मराठहळ्ळी येथील संगणक-उद्योगांकडे जाणारी माणसे याच सांध्यावरून ये-जा करतात. मार्च २०२३ मध्ये येथून व्हाइटफील्डपर्यंत मेट्रो धावू लागली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बैयप्पनहळ्ळीकडील तुटलेला दुवा जोडला गेला. बेंगळुरू जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून कमी लोकांची मातृभाषा कन्नड आहे. तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मल्याळम् आणि मराठी बोलणारे उरलेला भाग व्यापतात. नोकरीसाठी आलेल्या तरुणांपैकी पुष्कळजण ज्यांना 'पी. जी.' म्हणतात अशा खानावळवजा वसतिगृहांत खाट भाड्याने घेऊन राहतात. एका खोलीत दोन, तीन, चार खाटा, दाराशी कॅमेरा, वरच्या मजल्यावर परक्याला मज्जाव, मुलींसाठी रात्रीची वेळ ठरलेली. बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेने २०२४ मध्ये अशा वसतिगृहांसाठी केलेल्या नियमांत प्रवेशद्वारावरील कॅमेरे आणि प्रत्येक राहणाऱ्यामागे किमान ७० चौरस फूट जागा या अटी घातल्या. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्या योग्यच आहेत. पण ७० चौरस फुटांत माणूस निजू शकतो, दोघांना निवांत बोलता येत नाही.

सोलापूरहून किंवा नांदेडहून येथे आलेल्या एखाद्या तरुणीचे उदाहरण मनाशी आणून पाहावे. तिच्या गावी अनोळखी माणसाशी ओळख होण्याचे मार्ग ठरलेले असतात. नातलग, शेजारी, महाविद्यालय, आणि सर्वांत शेवटी वधूवरसूचक मंडळ. या प्रत्येक मार्गावर आडनाव पुढे चालते आणि माणूस मागून येतो. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न कितीही सौजन्याने विचारला तरी त्याच्या पोटात 'तुम्ही कोणाचे?' हा प्रश्न दडलेला असतो. २०११-१२ च्या भारतीय मानवविकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्के आढळले. म्हणजे शंभरांपैकी पंचाण्णव विवाहांत कोणी कोणाला भेटावयाचे, हे भेटीपूर्वीच ठरून गेलेले होते. ॲप अंतर मोजते ते किलोमीटरांत. गोत्र, गाव आणि देवक यांतील अंतर मोजण्याची सवय लागलेल्या समाजात हा बदल लहान नाही. काही काळापुरती का होईना, 'कोणाची' हा प्रश्न बाजूस ठेवून 'कशी' या प्रश्नाने आपल्याकडे कोणी पाहावे, ही इच्छा अशा उपयोगामागे असू शकते. तिला वासना एवढेच नाव देणारा टीकाकार वासनेलाही समजून घेत नाही आणि माणसालाही.

येथे कोणी म्हणेल की ही सर्व नवी समर्थने आहेत. आपल्या परंपरेत अशा संबंधांना स्थान नव्हते. साहित्याचा इतिहास असे सांगत नाही. महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती', जिचे संकलन सातवाहन राजा हाल याच्याकडे दिले जाते आणि जिची मराठीतील सटीक आवृत्ती स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली सिद्ध केली, ती अशा संबंधांनी भरलेली आहे. तिच्यातील वाटसरू हे पात्र विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तो एका रात्रीपुरता येतो, त्याचे नाव कोणी विचारत नाही, आणि सकाळी तो निघून जाणार हे उभयतांस ठाऊक असते. प्राचीन तमिळ अहम् काव्याचा संकेत तर याहून स्पष्ट आहे: 'तोल्काप्पियम्' या लक्षणग्रंथाच्या नियमानुसार प्रेमकाव्यातील नायक-नायिकांची नावे घ्यावयाची नाहीत. विवाहापूर्वीचे चोरटे प्रेम म्हणजे 'कळवु' आणि विवाहोत्तर जीवन म्हणजे 'कर्पु' असा भेदही तेथे केलेला आहे, आणि कळवु हा काव्याला अयोग्य विषय मानलेला नाही. पेशवाईतील लावणीनेही अभिसाराचा विषय वर्ज्य मानला नाही.

परंतु परंपरेत हे होते एवढे सांगून थांबणे म्हणजे अर्धे सांगणे होय. ते कसे होते, हे अधिक महत्त्वाचे. आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोक' लिहिताना ध्वनीच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांसाठी प्राकृत गाथा निवडल्या, हा योगायोग नव्हे. त्यांतील एका गाथेत घरातील स्त्री वाटसरूला कोणाची शय्या कोठे आहे हे दाखवून देते आणि रात्री चुकून आपल्यावर येऊन पडू नये असे बजावते. वाच्यार्थ निषेधाचा, व्यंग्यार्थ आमंत्रणाचा. दुसऱ्या एका गाथेत याच्या उलट, वाच्यार्थ आमंत्रणाचा आणि व्यंग्यार्थ निषेधाचा. काव्यशास्त्राने या वक्रतेत सौंदर्य पाहिले, ते योग्यच केले. पण त्या स्त्रीला सरळ बोलता येत नव्हते म्हणून ती असे बोलत होती, हेही विसरता कामा नये. सासू जागी होती, गाव जागे होते. व्यंजना ही तेथे कलेची जशी गरज होती, तशीच जिवाचीही होती.

आणि ती व्यंजना निभावून नेणारी एक संस्था त्या साहित्यात होती. संस्कृत-प्राकृतातील दूती, तमिळमधील तोळी, लावणीतील सखी ही ती संस्था. दूती दोन्ही पक्षांना ओळखते. निरोपातील शब्द ती बदलते, उतावळ्याला थोपवते, भेकडाला धीर देते. नायक पुन्हा आला नाही तर नायिकेजवळ बसून त्याला शिव्या घालण्याचे कामही तिचेच. तोळीवर तर त्याहून मोठी जबाबदारी असे. चोरट्या प्रेमाचे विवाहात रूपांतर व्हावे म्हणून नायकाला टोचत राहणे, हा तिचा धर्मच होता. थोडक्यात, ज्या संबंधात शब्द दिलेला नाही त्याची साक्ष ठेवणारे तिसरे माणूस परंपरेने नेमलेले होते.

डेटिंग ॲप हे या दूतीच्या जागी आले आहे. ते दोघांनाही ओळखते. वय, अंतर, आवड, कोणाच्या छायाचित्रापाशी बोट किती वेळ थांबले, हे सर्व त्याच्या ध्यानात असते. दोघांनीही एकमेकांस होकार दिल्यावाचून संभाषणाचे दार उघडावयाचे नाही, ही त्याची रीत कोणत्याही दूतीला शोभण्यासारखी आहे. बंबलने स्त्री-पुरुषांच्या जोडीत पहिला शब्द स्त्रीनेच बोलावा असा नियम केला होता, जो २०२४ मध्ये शिथिल झाला. त्या नियमातही एक प्रकारची समज होती. मात्र भेट ठरताच ही दूती दृष्टिआड होते. पुढे काय बोलले गेले, काय गृहीत धरले गेले, कोणी कोणाची वाट पाहत राहिले, याच्याशी तिचे देणेघेणे नाही. शिवाय दूतीला बक्षीस मिळे ते मीलन घडल्यावर. या व्यापारी मध्यस्थाची मिळकत मात्र शोध चालू राहण्यावर अवलंबून असते, आणि ज्याचा शोध संपला तो त्याचा गिऱ्हाईक राहत नाही. मध्यस्थाचा स्वार्थ आणि माणसांचे हित यांत पडलेले हे अंतर दुर्लक्षिण्यासारखे नाही.

दूती गेली आणि दोन माणसे समोरासमोर आली. आता जे सांगावयाचे ते त्यांनीच एकमेकांस सांगावयाचे. येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो.

मराठीत विवाहाच्या आतील भेदांसाठी शब्दांची वाण नाही. लग्न, पाट, मोहतूर, गांधर्व अशा छटा भाषेने जपल्या आहेत. विवाहाबाहेरील संबंधांसाठीही शब्द पुष्कळ आहेत, परंतु त्यांची जात पाहावी. लफडे, भानगड, प्रकरण, नाद, बाहेरख्यालीपणा, व्यभिचार. जो संबंध कोणी उघड केला की उघडकीस आला असेच म्हणावे लागते, असा संबंध हे शब्द सांगतात. 'अंगवस्त्र' हा शब्द तर माणसाला वस्त्राच्या पातळीवर नेऊन ठेवतो, आणि हे वस्त्र नेहमी स्त्रीच असते. दुसऱ्या टोकाला अभिसारिका, प्रियतम, सखा असे काव्यातील शब्द आहेत. ते कोणी बोलण्यात वापरल्यास ऐकणाऱ्यास हसू येईल. या दोहोंच्या मध्ये, दोन सज्ञान माणसांनी परस्परांच्या संमतीने, कोणासही न फसवता, काही काळापुरता ठेवलेला संबंध सांगणारा साधा, अब्रूदार शब्द नाही. म्हणून वापरणारे 'कॅज्युअल' म्हणतात. हा शब्द घेण्यात इंग्रजीचा सोस मुळीच नसतो असे नव्हे. पण घरात शब्द असता तर तो बाहेरून आणण्याची इतकी निकड भासली नसती.

इंग्रजीकडे जाण्याची आणखीही कारणे आहेत, आणि ती व्याकरणात आहेत. मराठीत अनोळखी माणसाशी बोलावयास आरंभ करताच 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावे लागते. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणे हा मराठी माणसाच्या जवळिकीतील एक उंबरठा आहे; तो केव्हा ओलांडला हे दोघांच्याही लक्षात राहते. इंग्रजीत हा उंबरठाच नाही. त्यामुळे आत येणे सोपे होते, आणि आपण आत आलो आहोत हे न कळणेही तितकेच सोपे होते. दुसरे असे की 'मी येतो', 'मी येते' एवढे म्हणताच मराठी बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. ज्या व्यक्तीला आपली लैंगिक ओळख अजून कोणाजवळ बोलून दाखवावयाची नाही, किंवा जिला ती दिलेल्या चौकटीत बसवावयाचीच नाही, तिला मातृभाषेत एक वाक्यही उच्चारणे अवघड जाते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील परस्परसंमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ रद्दबातल ठरविले. पण क्रियापदाचा प्रत्यय कोणतेही न्यायालय बदलू शकत नाही. समलिंगी व्यक्तींना ॲपमुळे परस्परांस शोधण्याचे साधन मिळाले, हे त्याचे निर्विवाद श्रेय आहे. याच साधनाचा उपयोग करून त्यांना भेटीस बोलावून लुबाडणारे आणि घरी कळविण्याची धमकी देऊन पैसे उकळणारेही निपजले, आणि अशा वेळी तक्रार कोणत्या शब्दांत करावयाची हा प्रश्न त्यांच्यापुढे अधिक दारुण रूपाने उभा राहतो.

मराठीत अभिधेचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. बेंगळुरूच्या संदर्भात प्रथम आठवण होते ती इतिहासाचार्य राजवाडे यांची. शहाजीराजे बेंगळुरूस असताना त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये याचा 'राधामाधवविलासचंपू' राजवाड्यांनी प्रकाशात आणला. त्या ग्रंथाच्या पूर्वभागात राधा-माधवाचा विलास आहे आणि उत्तरभागात शहाजीच्या दरबारातील अनेक भाषांच्या कवींची हजेरी. सतराव्या शतकातील त्या बहुभाषिक नगरीत राधेची प्रीती, जिला विवाहाचे नाव नाही, ती दरबारात सन्मानाने गाइली जात होती. तोच संपादक 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहावयास बसला, तेव्हा विवाहाची आजची रूपे सनातन नाहीत हे त्याने इतक्या रोखठोक शब्दांत मांडले, की सनातन्यांचा रोष त्याला पत्करावा लागला. राधेविषयी व्यंजनेने बोललेले चालते. तोच विषय गद्यात आणला की गहजब होतो, हे या एकाच विद्वानाच्या दोन कामांवरून दिसून येते.

दुसरे नाव र. धों. कर्वे यांचे. जुलै १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले आणि वाचकांच्या खाजगी प्रश्नांना वैद्यकाच्या कोरड्या, नेमक्या मराठीत उत्तरे दिली. त्या उत्तरांपायीच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही कर्व्यांना दंड झाला. कर्व्यांच्या मासिकाकडे प्रश्न पाठविणारे अनाम वाचक आणि आज ॲपवर अर्धे नाव लावून बोलणारे तरुण यांच्यात एक नाते आहे. आपल्या माणसांत जे विचारता येत नाही, ते विचारण्यासाठी दोघांनाही अनामिकतेचा आडोसा घ्यावा लागला. फरक एवढाच की कर्व्यांच्या वाचकाला मराठीत उत्तर मिळत होते.

ललित साहित्यात गौरी देशपांडे यांनी विवाहाच्या चौकटीबाहेरील नात्यांविषयी न कचरता लिहिले. सचिन कुंडलकर यांच्या २००६ मधील 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीत घरात राहावयास आलेल्या एकाच भाडेकरूवर बहीण व भाऊ दोघेही प्रेम करतात. त्या भाडेकरूला कादंबरीभर नाव नाही. सप्तशतीतील वाटसरू पुन्हा घरी आला, असे ती वाचताना वाटते. परंतु कादंबरीची भाषा आणि व्यवहाराची भाषा यांत दरी आहे, आणि ती दरी भरून काढण्याचे काम एकट्या लेखकाचे नव्हे.

या अभावाने कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न येथे कोणी विचारील. मराठीत 'शब्द देणे' म्हणजे वचन देणे. न दिलेला शब्दही स्पष्टपणे न दिलेला असावा लागतो; अन्यथा एकजण तो दिला गेला असे समजून चालतो आणि दुसरा तो दिला नाही असे समजून. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६९ व्या कलमाने, पाळण्याचा हेतू नसताना स्त्रीला विवाहाचे वचन देऊन ठेवलेला शरीरसंबंध हा स्वतंत्र गुन्हा ठरविला असून त्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. त्यापूर्वी, महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दोन कसोट्या स्पष्ट केल्या होत्या: वचन देतानाच ते खोटे असले पाहिजे, आणि संबंधास संमती देण्याच्या निर्णयाशी त्याचा थेट संबंध असला पाहिजे. त्या प्रकरणातही विवाहाच्या आड जात आली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वचन मोडणे आणि वचन खोटे असणे यांतील हा भेद न्यायालयाने केला. परंतु तो सिद्ध करावयाचा कशावरून? दोघांनी दूरध्वनीवर टंकलेल्या अर्धवट इंग्रजी वाक्यांवरून. एका बाजूस खोटे वचन देऊन फसविली गेलेली स्त्री आणि दुसऱ्या बाजूस कधीच न दिलेल्या वचनासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला पुरुष, असे दोघेही या संदिग्धतेचे बळी होऊ शकतात. त्यांतही अधिक सोसावे लागते ते स्त्रीला, कारण संबंध तुटल्यानंतर तिच्यासाठी भाषेने राखून ठेवलेले शब्द पुरुषासाठी राखून ठेवलेल्या शब्दांहून कितीतरी अधिक क्रूर आहेत.

गाथेतील स्त्री 'नको' म्हणून 'ये' सुचवीत होती, आणि सहृदय रसिकाने तिला दाद दिली. आजच्या व्यवहारात 'नको' याचा अर्थ 'नको' एवढाच घेतला जाणे अत्यावश्यक आहे. काव्यातील ध्वनीला आचाराचा नियम करणे किती घातक आहे, हे समजण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. पण हा नियम मोडीत काढावयाचा तर 'हो', 'नको', 'आजपुरते', 'पुढचे मी सांगू शकत नाही' ही वाक्ये आपल्या भाषेत लाज न वाटता उच्चारता आली पाहिजेत. ज्या भाषेत माणूस रडतो आणि आईशी भांडतो, त्या भाषेत त्याला नकार देता येत नसेल, तर त्याने परभाषेत दिलेला होकारही तपासून पाहावा लागेल.

एक आक्षेप राहतो, आणि तो सबळ आहे. ही सर्व चर्चा इंग्रजी जाणणाऱ्या, पगारदार, थोड्यांच्या सुखदुःखाची आहे. के. आर. पुरममध्ये रेल्वेच्या इंजिन-शेडमधील कामगार राहतात, मेट्रोच्या खांबांचे काम करणारे मजूर राहतात, वसतिगृहांची स्वयंपाकघरे चालविणाऱ्या बायका राहतात. त्यांचा या चर्चेशी काय संबंध? संबंध हा, की ॲपवरील अनामिकता सर्वांना सारखी मिळत नाही. आडनाव लपविले तरी छायाचित्रातील खोली, बोलण्यातील इंग्रजी, सुट्टीत पाहिलेली गावे यांवरून माणसाची पायरी ओळखली जाते. जात दारातून बाहेर काढली तर ती उच्चारांच्या खिडकीतून आत येते. इंग्रजी हीच या संबंधांची एकमेव अब्रूदार भाषा राहिली, तर अब्रूदेखील इंग्रजी येणाऱ्यांचीच राहील. मराठीत किंवा कन्नडमध्ये प्रेम करणाऱ्याच्या वाट्याला 'लफडे' आणि इंग्रजीत करणाऱ्याच्या वाट्याला 'रिलेशनशिप', अशी वाटणी आजच होऊ लागलेली दिसते. म्हणून मातृभाषेत शब्द असणे हा भाषाभिमानाचा विषय नसून न्यायाचा आहे.

तो शब्द शासकीय परिभाषा समितीने घडवावयाचा नाही. तशा शब्दांचे काय होते हे सर्वांस ठाऊक आहे. तो बोलण्यातून यावयाचा आहे. परंतु त्यासाठी वाट मोकळी करणे अभ्यासकांच्या हाती आहे. विद्यापीठांच्या वर्गांतून सप्तशती शिकविली जाते ती ध्वनीची उदाहरणे म्हणून. त्या गाथांतील स्त्रियांना सरळ का बोलता येत नव्हते, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. लावणीचा शृंगार शिकविला जातो आणि 'समाजस्वास्थ्य' ग्रंथालयाच्या कपाटात राहते. तमिळ तोळी आणि प्राकृत दूती यांना शेजारी बसवून वाचण्याचे काम तौलनिक साहित्याभ्यासाचे आहे, आणि ते करताना आजच्या यांत्रिक दूतीकडेही पाहावयास हरकत नाही. ज्या विद्यार्थ्यांपुढे हे ग्रंथ उघडले जातात, त्यांतील अनेकांच्या खिशात ती आहे. वर्ग संपल्यावर ते तिच्याकडे वळतात आणि जे विचारावयाचे ते इंग्रजीत विचारतात. त्यांच्यापैकी एकाला जरी तेच वाक्य आपल्या भाषेत, ताठ मानेने आणि समोरच्याची मान राखून विचारता आले, तरी तो अभ्यास फुकट गेला असे म्हणता येणार नाही.